लग्नाच्या फोटोग्राफरने अभिप्राय मागायचा तर कुठे, कधी आणि कसा?

काम चांगलं झालं की लोक आपणहून लिहितील, या भरवशावर बसलात तर बराच काळ बसावं लागेल. लोकांना काम आवडलेलं नसतं असं नाही. लग्नानंतरचे आठवडे पाहुण्यांचे आभार, प्रवास आणि घर लावणं यातच निघून जातात, आणि फोटोग्राफरसाठी चार ओळी लिहायचं राहून जातं. तेव्हा मागावं लागतंच. कुठे लिहायला सांगायचं, कधी सांगायचं आणि नेमकं काय विचारायचं, यावर मात्र थोडा विचार करायला हवा.

गूगलवर की स्वतःच्या वेबसाइटवर?

गूगल रिव्ह्यूचं बळ हे, की तो तुमच्या हातात नसतो. तुम्हाला तो बदलता येत नाही, काढता येत नाही. फार तर नियमभंगाची तक्रार करता येते आणि खाली उत्तर लिहिता येतं. त्यामुळेच अनोळखी माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो. बिझनेस प्रोफाइलमधून, म्हणजे गूगलवरच्या तुमच्या व्यवसायाच्या पानावरून, थेट लिंक किंवा क्यूआर कोड मिळतो, म्हणजे क्लायंटला शोधाशोध नाही. अडचणीही आहेत. लिहिणाऱ्याचं गूगल खातं लागतं, आणि आपल्या लग्नाबद्दल चारचौघांत लिहायला सगळेच तयार नसतात. शिवाय प्रोफाइलला काही झालं तर इतक्या वर्षांची पुंजीही त्याच्याबरोबर अडकते.

वेबसाइटवरच्या अभिप्रायाचं गणित उलटं. तो तुम्ही निवडलेला आहे हे वाचणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे नुसतं ‘अप्रतिम काम!’ तिथे शून्य किमतीचं. पण तो हवा तिथे ठेवता येतो. पावसात झालेल्या समारंभाच्या फोटोंशेजारी त्याच जोडप्याचं ‘पाऊस आला तेव्हा आम्ही घाबरलो, हे दोघं फोटोग्राफर मात्र शांत होते’ हे वाक्य असलं, की ते वाक्य आणि तो फोटो एकमेकांची साक्ष देतात. गूगलवर हे जमत नाही.

माझं मत असं: नवीन आहात आणि शोधात दिसतच नसाल, तर आधी गूगल. रिव्ह्यू भरपूर आहेत, चौकशा येतात, पण बोलणी पुढे सरकत नाहीत, अशी तक्रार असेल तर स्वतःकडच्या, तपशीलवार अभिप्रायांवर मेहनत घ्या.

इतर जागांबद्दल थोडक्यात. येल्प ही रिव्ह्यूंची वेबसाइट रिव्ह्यू मागूच नका असं व्यावसायिकांना सांगते, तेव्हा तिथे लिंक पाठवत बसू नका. व्हॉट्सॲपवरच्या कौतुकाचा स्क्रीनशॉट टाकणं सोपं असतं, पण तो मजकूर खासगी गप्पांमधला आहे. आधी विचारा, नंबर आणि डीपी झाका. व्हिडिओ अभिप्राय सगळ्यात परिणामकारक असतो आणि सगळ्यात दुर्मीळही. कॅमेऱ्यासमोर अवघडणारं जोडपं तुमचे फोटो बघून हरखून गेलेलं असतं, पण म्हणून ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसेलच असं नाही. आग्रह करू नका.

समारंभाच्या दिवशी, गॅलरी दिल्यावर की अल्बम दिल्यावर?

समारंभाच्या दिवशी मुळीच नाही. त्यांनी अजून एकही फोटो पाहिलेला नसतो, आणि दमलेल्या माणसाकडून काढून घेतलेलं कौतुक वाचतानाही तसंच लागतं.

पहिले दहा-वीस फोटो पाठवल्यावर मोठा उत्साह दिसतो: ‘कसले भारी आलेत!’ हा उत्साह जपून ठेवा, पण अभिप्राय म्हणून तो उथळ असतो. पूर्ण गॅलरी, म्हणजे सगळ्या तयार फोटोंचा संच, दिल्यानंतरचा पहिला आठवडा ही माझ्या मते योग्य वेळ. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या बोचऱ्या गार पाण्यात हात धरला. दुसऱ्यांदा तेवढंच करून वर आणखी ३० सेकंद, पण त्या वेळात पाण्याचा गारवा किंचित कमी होत ते १५ अंशांपर्यंत गेलं. यातलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. तुमच्या कामाचा शेवट लग्नाच्या दिवशी होत नाही, तो डिलिव्हरीच्या दिवशी होतो. गॅलरी कबूल केलेल्या तारखेच्या दोन महिने उशिरा दिली असेल, तर रिव्ह्यूमध्ये फोटोंपेक्षा उशीरच वाचायला मिळेल.

अल्बमपर्यंत थांबण्याचा एक फायदा असतो: पानं उलटताना घरातली मोठी माणसंही बोलतात. पण अल्बमची फोटो-निवड महिनोन्‌महिने रेंगाळते आणि तोवर तपशील विसरले जातात. म्हणून गॅलरीनंतर जोडप्याला विचारा आणि अल्बमच्या वेळी आईवडिलांना. त्यांना वेगळ्याच गोष्टी दिसलेल्या असतात: सगळे नातेवाईक फोटोत आले का, कोणाला ताटकळत ठेवलं का.

‘रिव्ह्यू द्याल का?’ की प्रश्न?

जागा आणि वेळ चुकली तरी एक वेळ निभावतं. विचारण्याची पद्धत चुकली तर नाही. ‘रिव्ह्यू द्याल का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘खूप छान काम, टीम मनमिळाऊ, सर्वांना शिफारस.’ हे कोणत्याही फोटोग्राफरला चिकटवता येईल. लिहिणाऱ्याचा यात दोष नाही, त्याच्यापुढे कोरा कागद टाकला होता.

त्याऐवजी असा मेसेज करून बघा:

‘नमस्कार! गॅलरी बघून झाली असेल. तुमचे आजोबा टाळ्या वाजवतायत तो फोटो माझ्या खास आवडीचा आहे. एक विनंती होती. तीन प्रश्नांची उत्तरं व्हॉइस नोटवर द्याल का, जमेल तशी? बुकिंगआधी मनात कसली धाकधूक होती? त्या दिवशी आम्ही आजूबाजूला असताना कसं वाटलं? आणि तुम्ही कोणत्या फोटोपाशी थांबलात?’

धाकधुकीचा प्रश्न गाळू नका. ‘आम्हा दोघांना पोज देता येत नाही, त्यामुळे फोटो कृत्रिम येतील असं वाटायचं’ हे वाक्य, तसंच वाटणाऱ्या पुढच्या जोडप्याला तुमच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त पटतं. बोलताना लोक मोकळे असतात, लिहायला बसले की सरकारी अर्जाची भाषा येते; म्हणून व्हॉइस नोट. ती त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, पाल्हाळ कापा, शब्द मात्र बदलू नका, आणि छापण्याआधी मजकूर दाखवून होकार घ्या. नाव आणि फोटो वापरायचा का, तेही तेव्हाच विचारा. मग हाच मजकूर गूगलवर टाकाल का, असं लिंकसकट विचारता येतं; त्यांचेच शब्द असल्यामुळे त्यात गैर काही नाही.

काही क्लायंट म्हणतात, ‘तुम्हीच लिहून द्या, आम्ही टाकतो.’ मोह होतो, पण नको. दहा रिव्ह्यूंची भाषा एकसारखी निघाली की वाचणाऱ्याला वास येतोच.

सवलत द्यायची का?

नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा फुकट प्रिंट देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. फक्त खूश क्लायंटनाच लिंक पाठवणंही बसत नाही. अमेरिकेत तर चांगल्याच अभिप्रायाच्या अटीवर मोबदला देण्याला २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमाने बंदी आहे. प्रिंट भेट द्यायचीच असेल तर सगळ्यांना द्या, आणि रिव्ह्यूचा विषय काढण्याआधी द्या.

नाराज क्लायंटलाही लिंक जाणार, हे यात आलंच. म्हणून लिंक पाठवण्याआधी फोन करा आणि काही राहिलंय का ते विचारा. राहिलं असेल तर आधी ते निस्तरा. तरीही कडू रिव्ह्यू आला, तर उत्तर छोटं आणि शांत असू द्या, कारण ते पुढचं गिऱ्हाईक वाचणार असतं.

आठवण करून द्यायची ती एकदाच, आठ-दहा दिवसांनी, आणि तीही मोकळ्या शब्दांत: ‘सवड मिळाली तरच.’ त्यानंतरही उत्तर नाही आलं, तर विषय सोडून द्या. अल्बमच्या वेळी पुन्हा बोलणं होणारच आहे.