बाटली, दुधाची पिशवी की झाकणं? पहिले डूल कशाचे करावेत

टाकाऊ प्लास्टिकचे दागिने करायला बसताना बहुतेकजणी आधी रंग निवडतात. मी म्हणेन, आधी वस्तू उलटी करून प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा असलेला त्रिकोण बघा. आत 1 असेल तर पेट, म्हणजे पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली. 2 किंवा 4 म्हणजे पॉलिथिन, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. 3 दिसला तर ते पीव्हीसी. ते अजिबात तापवू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा बोचरा, विषारी वायू निघतो. 6 सुद्धा बाजूलाच ठेवा. खूण नसली की काहीजणी तुकडा पाण्यात टाकून ओळखतात. पेटचा तुकडा बुडतो आणि झाकणाचा तरंगतो हे खरं, पण पीव्हीसीही बुडतं. त्यामुळे बिनखुणेच्या तुकड्याला आच दाखवायची नाही.

नवशिक्या हातासाठी माझी पसंती बाटलीला आहे. पेट साधारण 70 ते 80 अंशांना मऊ पडू लागतं आणि वितळतं थेट 250 च्या आसपास. मधली ही ऐसपैस जागा तुमच्या चुका पोटात घालते. कात्रीने पाकळी कापा, चिमट्यात धरा आणि मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडी वर, सतत हलवत फिरवा. कडा आपोआप आत वळते, पाकळीला खोलगटपणा येतो. ज्योतीत धरलीत तर काजळी बसते आणि प्लास्टिक जळतं, म्हणून धूर दिसला की हात मागे. कापलेली कड ब्लेडसारखी लागते. आचेने ती गोल होईपर्यंत डूल कानात घालू नका. रंग पाकळीच्या मागच्या बाजूने द्या. मग समोरून काचेसारखी चकाकी दिसते आणि घासून रंग जात नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा पाच पाकळ्यांचा तळ तर तयार पदकच असतो, फक्त तो जाड असल्यामुळे कापताना मनगट दुखतं. तुर्कस्तानच्या वास्तुविशारद गुलनुर ओझदाग्लार यांनी बाटल्यांपासून केलेले दागिने एकदा बघा, हे प्लास्टिक किती नाजूक होऊ शकतं ते कळेल.

दुधाच्या पिशवीचा स्वभाव उलटा. ती साधारण 110 अंशांनाच वितळते. बटर पेपरच्या दोन घड्यांमध्ये सहा-आठ थर ठेवून, खिडकी उघडी ठेवून, मध्यम इस्त्री फिरवली की रेक्झिनसारखा जाडसर पत्रा मिळतो. इस्त्री क्षणभर जास्त थांबली की त्याला भोकं पडतात. पण ज्यांना आचच नको, त्यांच्यासाठी पिशवी उत्तम. पट्ट्या कापून क्रोशाने विणा, सुंदर गळपट्टा होतो, मुलंही सोबत बसू शकतात. आधी कोमट साबणपाण्यात नीट धुवा, दुधाचा वास चिवट असतो. आणि पिशवी फोडताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो चिमुकला तुकडा कुणीच वेचत नाही, तो थेट नाल्यात जातो.

झाकणांचे रंग सर्वांत देखणे. लाल-निळी वितळवून संगमरवरी नक्षीचे मणी होतात. पण एक झाकण जेमतेम दोन-तीन ग्रॅमचं, त्यामुळे महिनाभर साठवावं लागतं. शिवाय स्वयंपाकाला न वापरला जाणारा वेगळा ओव्हन, हवेशीर जागा आणि नंतर घासकाम, एवढं सगळं लागतं. घासायचं तर पॉलिश पेपर ओला करूनच, नाहीतर तो बारीक भुगा श्वासातून आत जातो. घरात एकच ओव्हन असेल आणि त्यात केक होत असेल, तर झाकणांचा विचार सोडून द्या.

विकायचे असतील तरीही बाटलीच. डूल वजनाला हलके, दिवसभर घातले तरी कान ओढत नाहीत. एका लिटरच्या बाटलीत तीन-चार जोड सहज निघतात. खर्च होतो तो हुकांवर, आणि तिथे काटकसर करू नका. स्टेनलेस स्टीलचे चांगले हुक घ्या. निकेलच्या मुलाम्याने अनेकींच्या कानाच्या पाळ्या सुजतात आणि मग गिऱ्हाईक प्लास्टिकलाच दोष देतं.

उरलेली कात्रणं केरात टाकू नका. बाटलीची वेगळी, पिशवीची वेगळी साठवा आणि पुरेशी जमली की भंगारवाल्याला द्या.