इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन आणि नाशिकचे रस्ते: स्प्रिंग, शॉकअप की कंट्रोलर?

गाडी वळणात डोलते. स्पोर्टचं बटण दाबलं की गंगापूर रोडचा प्रत्येक गतिरोधक थेट कमरेत जातो, आणि नॉर्मलवर आणली की घाटात नाक तरंगायला लागतं. इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनची स्पोर्ट्स कार चार-सहा वर्षं वापरली, किंवा तेवढी वापरलेली विकत घेतली, की हा दिवस येतोच. मग एकेक पर्याय कानावर येतो. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाक. कंट्रोलर बदल. इलेक्ट्रॉनिक कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी, लाव. नाहीतर सगळी वायरिंग सोडून दे आणि साधे, पण उत्तम कॉइलओव्हर लाव. गेल्या तीन वर्षांत यातले काही मी माझ्या दोन सीटच्या गाडीवर करून पाहिले, बाकीचे मित्रांच्या गाड्या चालवून. कशावर पैसे घालायचे हे अजून ठरलं नसेल, तर हा आढावा तुमच्यासाठी आहे.

सस्पेन्शनमध्ये तिघांचं काम वेगळं असतं. स्प्रिंग वजन उचलते, शॉकअप स्प्रिंगची उसळी जिरवतो, आणि ती केव्हा किती जिरवायची हे कंट्रोलर ठरवतो. तुमची तक्रार या तिघांपैकी कोणाबद्दल आहे ते आधी ओळखा. बहुतेक लोक कंट्रोलरच्या तक्रारीसाठी स्प्रिंग बदलतात आणि पैसे वाया घालवतात.

इलेक्ट्रॉनिक शॉकअपही दोन जातींचे असतात. पोर्शेचं पीएएसएम, बीएमडब्ल्यूचं अ‍ॅडॅप्टिव्ह एम, फोक्सवॅगनचं डीसीसी या नावांच्या सस्पेन्शनमध्ये शॉकअपमधल्या तेलाच्या वाटेवर विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. तो आवळला की तेल अडतं आणि शॉकअप कडक होतो. ऑडी टीटी आणि आर८मधल्या मॅग्नेटिक राइडमध्ये खुद्द तेलच बदलतं. त्यात लोखंडाचे बारीक कण असतात. पिस्टनमधल्या वेटोळ्यातून वीज गेली की ते कण रांगेत उभे राहतात आणि काही मिलिसेकंदांत तेल घट्ट होतं. २००२ साली कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमधून हे तंत्र पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आलं. तुमची गाडी या दुसऱ्या जातीची असेल तर बाहेरचे पर्याय कमी मिळतात, आणि शॉकअप गळायला लागला तर अख्खा नवा घ्यायची तयारी ठेवावी लागते. व्हॉल्व्हवाल्यांना मैदान मोकळं आहे.

आधी आहे ते ठीक करा

हा पर्याय कोणी विकत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही. नाशिकमधल्या बऱ्याचशा स्पोर्ट्स कार वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालतात. त्यामुळे टायरची नक्षी शाबूत राहते, पण रबर म्हातारं होतं. टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५२० असेल तर तो टायर २०२० सालच्या ३५व्या आठवड्यात बनलाय. असं कडक झालेलं रबर वळणात पकड सोडतं आणि आपण दोष शॉकअपला देतो. पोर्शे असेल तर टायरवर एन०, एन१ अशी पोर्शेच्या मान्यतेची खूण आहे ना, आणि चारही टायरांवर ती एकच आहे ना, हेही बघा.

मग बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे, आणि लिंक रॉड. आपल्याकडचे खड्डे, मे महिन्यातलं ऊन आणि इगतपुरीचा पाऊस या तिघांपुढे रबरी बुश फार टिकत नाहीत. माझ्या गाडीत ब्रेक दाबला की नाक किंचित डावीकडे ओढलं जायचं. मी शॉकअपची किंमत काढून ठेवली होती. सातपूरच्या एका जुन्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेऊन चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याला, म्हणजे लोअर आर्मला, पहार लावली आणि चिरलेला बुश दाखवला. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, चारही चाकांचं अलाइनमेंट केलं आणि अर्धी तक्रार तिथेच संपली.

अलाइनमेंट करताना "टो बरोबर आहे, घेऊन जा" एवढ्यावर समाधान मानू नका. टो म्हणजे चाकं किती आत किंवा बाहेर वळलीत ते. कँबर (चाकाचा उभा कल), कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल), मागच्या चाकांचा टो, सगळे आकडे आधीचे आणि नंतरचे छापून मागा. टाकीत निम्मं पेट्रोल असावं, आणि गाडी दोन सीटची असेल तर चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाएवढं काहीतरी ठेवून माप घ्यावं. हवा सकाळी थंड टायरमध्येच मोजा. तापमान साडेपाच-सहा अंशांनी चढलं की दाब साधारण १ पीएसआयने चढतो, म्हणजे दुपारी पंपावर घेतलेलं माप फसवतं.

एवढं करून नॉर्मल आणि स्पोर्ट या दोन्हींवर एकच खराब रस्ता दोनदा चालवा. दोन्हींत फरकच जाणवत नसेल, किंवा उंचवट्यानंतर गाडी एकाहून जास्त वेळा उसळत असेल, तर शॉकअप थकलाय. स्कॅनर लावून फॉल्ट कोड पाहा आणि मूळ जातीचाच नवा शॉकअप जोडीने बदला. एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना असं कधीच करू नका.

खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा

सगळ्यात स्वस्त, फोटोत सगळ्यात सुंदर, आणि इलेक्ट्रॉनिक शॉकअपवर लावायच्या असतील तर माझ्या मते सगळ्यात वाईट पर्याय.

गाडी ३० मिलिमीटर खाली आली म्हणजे शॉकअपला दबायला तेवढी जागा कमी उरली. वळणाच्या मधोमध खड्डा आला की शॉकअप तळाच्या रबरी बंपस्टॉपवर आपटतो, त्या कोपऱ्याचा कडकपणा क्षणात कितीतरी पट होतो आणि चाक रस्ता सोडतं. म्हणजे हँडलिंगसाठी केलेला बदल नेमका हँडलिंगच्या क्षणीच दगा देतो. शिवाय कंट्रोलरचे हिशेब मूळ स्प्रिंगच्या ताठपणावर बांधलेले असतात. आपण स्प्रिंग बदलतो, पण ते त्याला कोणी सांगत नाही. पोर्शेने साध्या ७१८ केमनमध्ये पीएएसएम देताना गाडी फक्त १० मिलिमीटर खाली घेतली, स्पोर्ट सस्पेन्शनमध्ये २०, आणि तेही स्प्रिंग व शॉकअप एकमेकांना जुळवून. कंपनी जिथे २०वर थांबते तिथे आपण ३० कशाच्या जोरावर करतो?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा. आपल्या कॉलनीतला गतिरोधक आठवा. तो त्याच्या निम्म्याने अरुंद असतो आणि भिंतीसारखा उभा. माझ्या एका मित्राने अशा स्प्रिंगा लावल्या आणि चार महिन्यांत पुढच्या बंपरचा खालचा ओठ दोनदा बदलला. शेवटी त्याने मूळ स्प्रिंगा परत बसवल्या.

कंट्रोलर

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण नाशिककरांसाठी खरा फायदा इथेच आहे असं मला मनापासून वाटतं.

वळणात स्टिअरिंग फिरवलं की गाडीची बॉडी सावकाश कलते आणि शॉकअपचा दांडा हळू सरकतो. खड्ड्यात चाक आदळलं की तोच दांडा झटक्यात सरकतो. आपल्याला पहिल्या वेळी कडक शॉकअप हवा असतो आणि दुसऱ्या वेळी मऊ. स्पोर्टचं बटण मात्र सगळंच वर उचलतं. गाडी सरळ जात असो की वळत असो, ती कडकच. म्हणून शहरात नको वाटतं, आणि म्हणूनच लोक ते बटण दाबायचं सोडून देतात.

डीएससी स्पोर्टसारखा बाहेरचा कंट्रोलर मूळ कंट्रोलरच्या जागी, त्याच सॉकेटमध्ये बसतो. शॉकअप तेच, स्प्रिंगा त्याच. बदलतो तो निर्णय. वळणाचा जोर, ब्रेकचा जोर आणि वेग यांच्या तक्त्यांवरून तो प्रत्येक कोपऱ्याला वेगळा हुकूम देतो. सरळ रस्त्यावर चारही शॉकअप मऊ असतात. ब्रेक दाबला की पुढचे आवळतात, वळण सुरू झालं की बाहेरच्या बाजूचे, आणि वळण सुटलं की पुन्हा सैल. हे तक्ते लॅपटॉप जोडून स्वतः बदलताही येतात. पोर्शे, निसान जीटीआर, कॉर्व्हेट आणि बीएमडब्ल्यूच्या एम गाड्या अशा मोजक्याच गाड्यांसाठी तो बनतो, त्यामुळे आपल्या मॉडेलचा आणि सालाचा मिळतो का हे आधी पाहा.

मी हाच घेतला. वणीवरून हातगडमार्गे सापुताऱ्याला चढताना पहिला फरक कळला तो ब्रेक सोडून वळणात शिरण्याच्या क्षणी. आधी गाडी एकदा कलायची, मग स्थिरावायची, आणि मग वळायची. आता मधलं वाट बघणं गेलं. दुसरा फरक दिंडोरी रोडवर कळला. द्राक्षांच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी दबलेल्या डांबरावरून गाडी पूर्वी टाळ वाजवत जायची, आता त्यावरून मुकाट जाते. दोष सांगायचा तर कंपनीचे मूळ तक्ते गुळगुळीत रस्त्यांसाठी केल्यासारखे वाटतात. जोराच्या ब्रेकला पुढची चाकं आमच्या रस्त्यांसाठी जरा जास्तच आवळत होती. ती मी दोन टप्प्यांत कमी केली. प्रत्येक वेळी एकच आकडा बदलायचा, एकाच रस्त्यावर चालवायचं आणि वहीत लिहायचं, एवढी शिस्त असेल तरच लॅपटॉपला हात लावा.

आणि थकलेल्या शॉकअपला नवा कंट्रोलर जिवंत करू शकत नाही. क्रम उलटा केलात तर पैसे फुकट.

कॉइलओव्हर: इलेक्ट्रॉनिक की साधे

केडब्ल्यूचे डीडीसी आणि बिलस्टाइनचे बी१६ डॅम्पट्रॉनिक हे गाडीच्या मूळ वायरिंगलाच जोडले जातात. डॅशबोर्डवरचं बटण पूर्वीसारखंच चालतं, बिघाडाचा दिवा पेटत नाही. मात्र गाडीचा मूळ कंट्रोलर तसाच राहतो, म्हणजे हातपाय नवे आणि डोकं जुनं. यात मिळतं काय, तर जास्त ताठ स्प्रिंग, तिला जुळणारा शॉकअप आणि उंची कमी-जास्त करायची सोय. शॉकअप तसेही बदलायलाच आले असतील तर हा विचार रास्त आहे, पण खर्च कंट्रोलरच्या कितीतरी पुढे जातो, आणि सामान बाहेरून मागवलं तर वर कस्टम ड्यूटी. उंची कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला ठेवा. पुढे कधी डीएससी जोडलात तर या जोडीचं सोनं होतं.

ओहलिन्सचे रोड अँड ट्रॅक किंवा केडब्ल्यूचे व्हेरिएंट ३ यांना वायर नाही. कडकपणा हाताने फिरवून ठरवायचा. मूळ इलेक्ट्रॉनिक शॉकअप गायब झाल्यावर गाडीने तक्रार करू नये म्हणून वेगळं मॉड्यूल लावावं लागतं, ते विसरू नका. नीट बसवलेल्या अशा गाडीचं स्टिअरिंग फार बोलकं असतं. गाडी रोज तशीच वागते, बटणावर अवलंबून राहत नाही. वर्षातून चार-पाच वेळा ट्रॅकवर जात असाल तर डोळे मिटून हेच घ्या. पण नाशिकमध्ये ट्रॅक नाही, आणि कॉइलओव्हरचा पूर्ण मोबदला चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून प्रत्येक कोपऱ्याचं वजन जुळवल्याशिवाय मिळत नाही. तेवढं करणारा माणूस आधी शोधा, मग सामान मागवा.

कोणत्या रस्त्यावर कोण उजवं

रोज कॉलेज रोड, मुंबई नाका, अंबड असंच फिरणं असेल आणि महिन्यातून एखादा घाट, तर टायर, बुश, अलाइनमेंट करा आणि थांबा. २०२७च्या सिंहस्थासाठी ठिकठिकाणी रस्त्यांची कामं निघालीत, तोवर शहरातल्या गाडीला कडक करण्यात काही अर्थ नाही.

समृद्धी महामार्गावरच जास्त जाणं असेल तर गणित आणखी सोपं होतं. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आता मुंबईकडे जाताना जवळजवळ ८ किलोमीटरच्या बोगद्यातून कसारा घाट टाळता येतो. सिमेंटच्या त्या सरळ रस्त्यावर १२०च्या मर्यादेत वळणाची पकड कसाला लागतच नाही. तिथे हवा सांध्यांवरचा मऊपणा आणि सरळ धावण्याची स्थिरता, म्हणजे चांगले टायर आणि मागच्या चाकांचा बरोबर टो. तिथे कॉइलओव्हर उलट त्रासच देतात.

दर रविवारी पहाटे सापुतारा, त्र्यंबक रस्ता किंवा जुना कसारा घाट गाठणारे असाल तर कंट्रोलर. खराब डांबर आणि सलग वळणं एकाच सकाळी भेटतात, आणि दोन्ही सांभाळणारा मला दिसलेला हा एकच पर्याय आहे.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडीत मूलभूत बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. उंचीला हात लावणार असाल तर आधी आरटीओत विचारा. विमा कंपनीला कोणताही बदल लेखी कळवा, कंट्रोलरसुद्धा. गाडी वॉरंटीत असेल तर मी म्हणेन, ती संपेपर्यंत टायर आणि अलाइनमेंटच्या पुढे जाऊच नका.

आणि काढलेलं मूळ सामान कुणाला देऊ नका. माझा जुना कंट्रोलर त्याच्या नंबरासकट बबलरॅपमध्ये गुंडाळून कपाटात आहे, अलाइनमेंटचे सगळे छापील कागद त्याच खोक्यात. सर्व्हिसला गाडी देताना तो अर्ध्या तासात परत बसतो. आणि कधी गाडी विकायची वेळ आली, तर घेणाऱ्याला दोन्ही कंट्रोलरवर चालवून दाखवून त्याला हवा तो ठेवू देता येईल.