ड्रीम रन: दोन शाळकरी दोस्तांनी जोडीने धावावं का?

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, २०१८ पासून ती टाटांच्या नावाने ओळखली जाते आणि जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी भरते. तिच्यातली ड्रीम रन म्हणजे सीएसएमटीसमोरून सुटणारी, मरीन ड्राइव्हला जाऊन येणारी सुमारे सहा किलोमीटरची धाव. हिला घड्याळ नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, जिंकल्याचं बक्षीस नाही. कुठल्यातरी संस्थेसाठी पैसे उभे करायचे आणि मजेत अंतर कापायचं. मुलांनी एखाद्या चांगल्या कामासाठी पहिल्यांदा धावायचं ठरवलं असेल तर मुंबईत याहून चांगली जागा नाही. वयाची अट मात्र त्या वर्षीच्या नियमांत आधी पाहून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पहिला किलोमीटर-दीड किलोमीटर धावता येत नाही. ढोल, फलक, फेटे, सेल्फी, कंपन्यांचे एकसारख्या टीशर्टांतले घोळके, या सगळ्यांतून वाट काढत चालावं लागतं. मरीन ड्राइव्हला रस्ता रुंद झाला की मग पाय मोकळे होतात. चालत-धावत मुलांना सव्वा ते दीड तास लागतो. चांगली वेळ नोंदवायची असेल, जोरात पळायचं असेल, तर ही धाव त्यासाठी नाही.

वेषभूषा हा ड्रीम रनचा जीव आहे आणि जोडीने तो दुप्पट खुलतो. वडा आणि पाव, विठोबा-रखुमाई, कावळा-चिमणी, काहीही व्हा, पण सामान विचारपूर्वक निवडा. क्रेप कागद घामाने भिजला की रंग मानेवर आणि टीशर्टवर उतरतो. थर्माकोलचा मुखवटा आतून तापतो, खालचं दिसत नाही आणि दुभाजकाला पाय अडतो. पुठ्ठ्याचे पंख खांद्यापेक्षा रुंद असले की मागच्याच्या तोंडाला लागतात. चालतो तो साधा उपाय: नेहमीचा सुती टीशर्ट, त्यावर फेल्टचे किंवा फोमचे तुकडे टाक्यांनी जोडलेले, आणि डोक्यावर चेहरा उघडा ठेवणारी टोपी. वड्याला पोटावर फोमचा गोल शिवायचा तर तो बरगड्यांखाली यावा, नाहीतर हात हलवता येत नाहीत. बिब, म्हणजे धावणाऱ्याला मिळणारा क्रमांकाचा कागद, चार सेफ्टी पिनांनी वेषाच्या वर, छातीवर लावायचा. त्याच्या मागच्या बाजूला पालकांचा फोन नंबर आणि ॲलर्जी वगैरे लिहून ठेवायची. फलक काठीवर नको. अर्ध्या कार्डशीटला दोन भोकं पाडून इलॅस्टिकने गळ्यात अडकवा, हात मोकळे राहतात.

पाय बांधून तीन पायांनी जायची कल्पना मुलांना हमखास सुचते. गर्दीत ती नकोच: एकाचा तोल गेला की दुसरा पडतो आणि मागचे दहा जण अडखळतात. हौस असेल तर ती सोसायटीच्या आवारात भागवा, तीही देणग्या जमवण्यासाठीच. सुंभ न वापरता ओढणी घ्या, घोट्याच्या वर सैलसर बांधा, सुरुवात बांधलेल्या पायाने करा आणि "आत-बाहेर, आत-बाहेर" म्हणत ताल धरा. उंचीत फार फरक असेल तर उंच मुलाला पावलं आखूड घ्यायला सांगा. पडतात ते बहुतेक वळताना, म्हणून आतल्या बाजूच्याने जागीच पावलं मारायची.

आता पैशांचं. प्रवेश फी म्हणजे देणगी नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगा. स्पर्धेच्या देणगी-उपक्रमाचं काम युनायटेड वे मुंबई पाहते आणि तिच्याकडे नोंदलेल्या संस्थांमधून निवड करता येते. दोघांनी मिळून एकच संस्था घ्यावी. किलोमीटरमागे दहा रुपये असा शब्द घेतला तर सहा किलोमीटरचे साठ होतात. असे पंचवीस शेजारी-नातेवाईक मिळाले की दीड हजार. वहीत नाव, शब्द दिलेली रक्कम आणि "जमा" असे तीन रकाने पुरतात. रोख पैसे मुलांच्या हातात फिरवण्यापेक्षा देणगीदाराने थेट संस्थेच्या खात्यात भरावेत. ज्यांना देणगीवर आयकरातली सवलत हवी त्यांचा पॅन संस्थेला लागतो, दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असणाऱ्यांना तर अजिबात नाही. काका-मामांना हे आधी सांगितलेलं बरं.

बिब धावेच्या दिवशी मिळत नाही. तो आधीच्या दिवसांत एक्स्पोत, म्हणजे मॅरेथॉनच्या प्रदर्शनात, जाऊन ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. शनिवारी तिथे रांग मोठी, म्हणून जमलं तर आदल्या दिवसांतच उरका.

ड्रीम रन आठच्या सुमारास सुटते, त्यामुळे साडेसहाला तूप-गूळ-पोळी किंवा एक केळं पुरे. मिसळ नंतर. पाणी एकदम बाटलीभर नाही, घोट घोट. रस्ते बंद असतात, लोकलशिवाय जाऊ नका, आणि परतताना रविवारचा मेगाब्लॉक आहे का तेही पाहा. बूट रोजचेच, नवेकोरे नकोत, आणि नाडीला दुहेरी गाठ. गर्दीत फोन लागत नाही, तेव्हा चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा. धोबी तलावाचं मेट्रो सिनेमा सगळ्यांना माहीत आहे. समोरच १९०४ सालचं कयानी हे इराणी हॉटेल आहे, बनमस्का आणि इराणी चहासाठी. वेष काढून पिशवीत कोंबायला एक मोठी कापडी पिशवी पालकांकडे असू द्या, आणि वहीतला "जमा" रकाना पुढच्या रविवारच्या आत भरून घ्या. आठवडा उलटला की दिलेला शब्द आठवण करून द्यावा लागतो.