नॅनोकॅप्सूलची दाब-चाचणी करून घेतली, त्याचा अनुभव

आमच्या गटात सिलिकॉनच्या पोकळ कॅप्सूल बनतात. सिलिकाच्या (सिलिकॉनच्या ऑक्साइडच्या) गोळ्यांवर सिलिकॉनचा थर चढवायचा आणि आतला सिलिका हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवून टाकायचा. बाहेरचा व्यास साधारण २०० नॅनोमीटर. पुढच्या प्रक्रियेत त्या किती दाब सोसतील हे बघायला नमुने बाहेरच्या एका प्रयोगशाळेला दिले. सोबत तुलनेसाठी सिलिकॉनचे थोडे भरीव गोळेही.

पहिल्याच दिवशी ऑपरेटर मॅडमचा फोन आला, "नमुन्याखाली काय आहे?" सिलिकॉन वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, म्हटलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, भरीव गोळ्यांना हे चालणार नाही. साध्या सिलिकॉनचा कठीणपणा १२ गिगापास्कलच्या आसपास. पण २००३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या गटानं नॅनोगोळ्यांमध्ये तो ५० पर्यंत मोजला होता. म्हणजे गोळ्याआधी वेफरच खचणार, आणि ते खचणं गोळ्याच्या नावावर जाणार. म्हणून मॅडमनी नमुने सिलिकॉनहून कठीण अशा नीलमाच्या चकतीवर घेतले. ही एक सूचना मला सगळ्या अहवालाहून मोलाची वाटते.

चाचणी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या आत, हिऱ्याच्या सपाट टोकानं होते. अणकुचीदार टोकाखालून गोळा निसटतो, इथे तो जागचा हलत नाही. कॅप्सूल आधी थोडी चपटी होते, मग किती जोराला ती किती दबली याच्या आलेखात एकदम पायरी दिसते, आणि व्हिडिओत त्याच क्षणी कवचाला तडा गेलेला असतो. हे दोन्ही शेजारी ठेवून पाहायला मिळणं फार समाधानाचं होतं.

तक्रार एकच, पण मोठी. अहवालात फक्त सरासरी दिली होती. टिकाऊपणाच्या कामात सरासरीचा उपयोग काय? सगळ्यात आधी फुटणाऱ्या कॅप्सूल किती दाबाला फुटतात, तेच तर आम्हाला हवं असतं! आग्रह धरल्यावर सुटे आलेख मिळाले. त्यातले तीन सुरुवातीला विचित्र मऊ होते. छायाचित्रं मोठी करून पाहिली तर त्या तीन कॅप्सूलवर काळपट साय धरलेली: फोकस जुळवताना मायक्रोस्कोपचा बीम (इलेक्ट्रॉनचा झोत) जास्त वेळ एकाच जागी राहिला की चेंबरमधले हायड्रोकार्बन (तेलकट वाफांचे अंश) तिथे जमतात, आणि ती साय गादीसारखी दबते.

हे दाखवल्यावर त्यांनी वाद न घालता नव्या कॅप्सूल घेऊन, दाबताना बीम बंद ठेवून चाचण्या पुन्हा केल्या. व्हिडिओ गेला, आलेख स्वच्छ आले. पुढची खेप त्यांच्याकडेच जाईल. मात्र सुटे आलेख आणि आधी-नंतरची छायाचित्रं हवीत, हे मागणीपत्रातच लिहून देणार आहे.