जपानी शिकायचं ॲप: बाकी ठीक, पण धड्याचा नंबर धड वाचता येत नाही त्याला

दिवाळीच्या ऑफरमध्ये वर्षाचं प्रीमियम घेतलं होतं. नाव लिहीत नाही, रिफंडचं भांडण अजून मिटलेलं नाही. हिरागाना, काताकाना या लिप्या, फ्लॅशकार्ड, स्ट्रीक हे सगळं असतं तसंच आहे, एन-फाइव्हवाल्यांना, म्हणजे जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची सगळ्यात खालची लेव्हल देणाऱ्यांना, सांगायला नको. माझं डोकं फिरलंय ते फक्त नंबर आणि हेडिंगवरून.

आता कुणी म्हणेल नंबरात काय एवढं. मी चाकणला क्वालिटीत आहे, जपानवरून जी चेकशीट येतात त्यात वाक्यं कमी आणि नंबरच जास्त. वर 'दाइ-इचि', म्हणजे क्रमांक एक, त्याखाली १, मग कंसातला १, मग काताकानातला 'आ', मग कंसातला 'आ'. तिकडच्या सरकारी कागदातही आडव्या लिखाणाची हीच उतरंड आहे, २०२२ साली सरकारी लेखनाचं नवं मार्गदर्शन आलं त्यातही हीच ठेवलीय. आपल्या बोर्डाच्या पेपरात प्र. १ (अ) (ब) असतं तसंच म्हणा. कॉलवर समोरचे साहेब म्हणणार 'काक्को-नि नो आ', म्हणजे कंसातल्या दोनमधला आ, आणि लगेच पुढे 'मारु-सान', म्हणजे गोलातला तीन, आणि आपण पानभर बोट फिरवत बसायचं. हे काक्को आणि मारु ॲपमध्ये कुठे, तर पार शेवटच्या लेव्हलला. पैसे मात्र पहिल्या दिवशी घेतले.

आणि जे शिकवलंय ते तरी नीट हवं की नाही? प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला मशीनचा आवाज धड्याचं नाव वाचतो. पहिला धडा म्हणजे 'दाइ-इक्का'. ॲपमधल्या आवाजाच्या बाई म्हणतात 'दाइ-इचि-का'. सहावा 'दाइ-रोक्का', ह्या म्हणतात 'दाइ-रोकु-का'. इचि (एक), हाचि (आठ) आणि जू (दहा) यांच्यापुढे क, स, त, ह चे आवाज आले की जोडाक्षर होतं, रोकु मात्र फक्त क आणि ह पुढेच बदलतो. म्हणून सहावा धडा रोक्का पण सहावं प्रकरण रोकु-श्यो, आणि पहिलं प्रकरण इश्श्यो. 'बान', 'गो', 'जो' हे नंबर-कलमाचे शब्द पुढे आले तर काहीच होत नाही, इचिबान ते इचिबानच. एवढा साधा नियम, आणि धडा उघडला की रोज चुकीचा कानावर, तोच तोंडात बसणार ना.

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं कॅशे क्लिअर करा. उच्चाराला कॅशेशी काय घेणंदेणं? परत लिहिलं, रेकॉर्डिंग जोडलं, तर म्हणे आमचा ऑडिओ नेटिव्ह दर्जाचा आहे. मग रिफंड मागितला, तर मुदत संपली. तिकीट परस्पर बंद करून वर पाच स्टार मागायचा मेसेज पाठवतात, कमाल आहे.

इथपर्यंतचं उन्हाळ्यात लिहून ठेवलं होतं आणि एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. मधे अपडेट आला. धड्यांच्या नावांना आता खऱ्या माणसाचा आवाज आहे, दाइ-इक्का अगदी स्वच्छ. आणि 'काजोगाकि', म्हणजे मुद्दे पाडून लिहिणं, याचा नवा भाग टाकलाय, तो खरंच चांगला जमलाय. मुद्दे सांगताना 'सानतेन आरिमासु', म्हणजे तीन मुद्दे आहेत, अशी सुरुवात करायची, मग 'इत्तेन-मे वा', 'नितेन-मे वा', म्हणजे पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, हे मी पुढच्याच कॉलवर वापरलं आणि पहिल्यांदा कुणी मला मधे तोडलं नाही. त्यातच एक कार्ड आहे की जुन्या पद्धतीच्या यादीत प्रत्येक कलमाला एकच आकडा असतो. १८६८ च्या सम्राटाच्या पाच कलमी शपथेत पाचही कलमांच्या डोक्यावर 'एक'च आहे. भाचीच्या कराटे क्लासला पोरं शेवटी ओरडतात ना, हितोत्सु, हितोत्सु, हितोत्सु, म्हणजे एक, एक, एक, ते हेच. मला वाटायचं सर पुढचे आकडे शिकवायचे राहिलेत. सगळी कलमं सारख्याच मोलाची, असा अर्थ लावतात.

म्हणून स्टार तीन केले. चार नाही, कारण क्विझ अजून गंडलेलंच आहे. 'सानबान' (तीन नंबर) आणि 'सानबान-मे' (क्रमाने तिसरा) दोन्हीला एकच उत्तर बरोबर देतं. यादी पाचपासून सुरू झाली तर तिसरा मुद्दा, सानबान-मे, हा सात नंबरचा असतो, म्हणजे नानाबान. चेकशीटवर असा घोळ केला तर भलत्याच पार्टला टिक पडेल. 'हितोत्सु-मे, फुतात्सु-मे' (पहिलं, दुसरं) हे नऊपर्यंत, 'कोकोनोत्सु-मे' पर्यंत चालतं, दहाव्याला 'जुक्को-मे' म्हणायचं, तर क्विझ तिथे 'तोओ-मे' पण हिरवं करतं. आणि मॉक टेस्टच्या लिसनिंगमध्ये चक्क इंग्रजीत 'क्वेश्चन वन' म्हणतात. खऱ्या परीक्षेत 'मोंदाइ इचि', मग नमुन्याला 'रेइ', मग 'इचिबान', 'निबान' असं येतं, आणि नवशिक्याला इचिबान म्हणजे 'सगळ्यात' एवढंच ठाऊक असतं, तो सगळ्यात काय, सगळ्यात काय करत पहिला प्रश्न घालवतो. मॉकचे पैसे वेगळे घेता तर निदान ही सवय तरी लावा.

ऑफरमध्ये मिळालं तर घ्या, पूर्ण किमतीला अजिबात नाही. ऑटोपे ॲपमधून बंद होत नाही, प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन करावं लागतं, मी करून टाकलंय. गोची अशी की माझं वर्ष दिवाळीला संपतं आणि परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या दिवसांसाठी मंथली प्लॅन घ्या म्हणतात, एका महिन्याचे जवळपास ऑफरच्या निम्मे. नाही घेणार. सगळे ऑडिओ ऑफलाइन उतरवून ठेवलेत, प्रीमियम संपल्यावर ते उघडतात का हे कुणाला माहीत असेल तर सांगा.