पणजीचे ताट आणि सत्तरीची भाटी

बेळगावहून गोव्याला जाणारा माणूस बहुधा समुद्र गाठण्याच्या घाईत असतो, आणि चोर्ला घाट उतरल्यावर लागणारा सत्तरी तालुका तो गाडीच्या काचेतूनच मागे टाकतो. आमच्या बेळगावातील एका सहल-संस्थेने एप्रिलमध्ये काढलेल्या तीन दिवसांच्या खाद्यसहलीत मी नाव घातले ते याचसाठी, की तिच्या कार्यक्रमात पणजीच्या जेवणाइतकेच स्थान सत्तरीतील काजूच्या भाट्यांना, म्हणजे काजूच्या फळांच्या रसापासून दारू गाळण्याच्या ठिकाणांना, दिलेले होते. प्रवास, दोन रात्रींचा मुक्काम आणि जेवणखाण धरून माणशी साडेआठ हजार रुपये घेतले. मद्याचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे होते, आणि बारा जणांत चौघे न पिणारे असल्यामुळे ते योग्यच होते.

शुक्रवारी पहाटे निघून, कणकुंबीला चहा घेऊन, साखळी-डिचोलीमार्गे आम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पोहोचलो. पावसाळ्याआधी घरात वर्षाचा साठा भरण्याला गोव्यात पुरुमेंत म्हणतात, आणि त्याची तयारी तिथे नुकती सुरू झाली होती: सुकी सुंगटे म्हणजे कोलंबी, आमसुले, सॉसेजच्या दोरीत बांधलेल्या माळा, माडाच्या सुरेपासून केलेले व्हिनेगर, जाड सालीची मयडे गावची केळी. अशा बाजाराला संयोजकांनी मोजून चाळीस मिनिटे दिली, आणि दुसऱ्या दिवशी पणजीतील एका भेटवस्तूंच्या दुकानात मात्र आम्हाला दोन तास बसवून ठेवले. तिथले काजू आमच्या खडेबाजारापेक्षा महाग होते. ही अदलाबदल कोणाच्या सोयीसाठी झाली असेल हे सांगायला नको.

पणजीतील जेवणाविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. दोन्ही दुपारी आम्हाला मोठ्या हॉटेलात न नेता बाजारालगतच्या छोट्या खानावळींत नेले, हा संयोजकांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचे हुमण म्हणजे खोबऱ्याचे कालवण, तिसऱ्या शिंपल्यांचे सुके, रव्यात घोळून तळलेले विसवण म्हणजे सुरमई, सोलकढी आणि ताटाच्या कडेला चमचाभर किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, असे ते जेवण होते. बेळगावला मासळी बर्फातून घाट चढून येते, आणि म्हणूनच की काय, आम्ही तिला लसूण आणि लाल तिखटाच्या मसाल्यात बुडवून टाकतो. इथले हुमण त्याच्या उलट वागते. खोबरे इतके बारीक वाटलेले असते की जिभेला कण लागत नाही, आंबटपणा मागून येतो, आणि बांगड्याच्या उग्रपणाला आवर घालण्याचे काम तिरफळ करते. माझ्या मेव्हण्याने ते तिरफळ मिऱ्यासारखे चावले आणि पुढची पाच मिनिटे जिभेचे टोक बधिर झाल्याची तक्रार करत बसला. ते वासापुरते असते, खायचे नसते, हे वाढणाऱ्या बाईंनी हसत सांगितले, पण उशिरा. शाकाहारी मंडळींना पहिल्या दिवशी बटाट्याच्या भाजीवर भागवावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी खतखते, म्हणजे अनेक भाज्यांचे कालवण, आणि मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाची उसळ, आधी सांगून करवून घेतल्या, आणि ते खतखते मासे खाणाऱ्यांनीही मागून घेतले.

मुक्कामाचे हॉटेल स्वच्छ होते. सकाळी मात्र इडली आणि टोस्ट ठेवत, म्हणून रविवारी मी खाली उतरून सायकलवरून भोंगा वाजवत येणाऱ्या पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम पोई हा गोव्याचा पाव घेतला. कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ अशी ती पोई नुसत्या लोण्याबरोबर खाल्ली, तरी तो नाश्ता त्या दोन सकाळींतला सर्वांत चांगला ठरला.

परतीच्या वाटेवर, वाळपईच्या पुढे, भाटी पाहिली. आमच्याकडे हातभट्टी म्हटले की पोलीस आठवतात. इथे तोच उद्योग परवाना घेऊन, घरामागच्या मांडवाखाली उघडपणे चालतो. झाडावरून आपोआप गळलेलीच बोंडे, म्हणजे काजूची रसाळ फळे, वेचतात, बिया पिळून वेगळ्या करतात, कोळंबी नावाच्या कुंडात बोंडे तुडवून रस काढतात, आणि उरलेल्या चोथ्यावर दगडाचे वजन ठेवून जो गोड रस निथळतो त्याला नीरो म्हणतात. तो न आंबवता तसाच पितात, त्यामुळे न पिणाऱ्या चौघांचीही सोय झाली. आंबलेला रस एकदा ऊर्ध्वपातित केला की हुर्राक, आणि पुढे पुन्हा भाटीवर चढवला की फेणी. हुर्राक सौम्य असतो आणि टिकत नाही, म्हणून तो हंगामातच, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. भाटीवाल्याने बाटली जोरात हलवून वर आलेला फेस किती वेळ राहतो ते आम्हाला दाखवले. फेणी हे नावच त्या फेसावरून पडले असे सांगतात. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

हे सारे पाहताना मला खानापूर आणि चंदगडच्या काजूबागा आठवत होत्या, जिथे बी काढून घेतल्यावर बोंडे झाडाखाली कुजत पडतात. आंबलेल्या बोंडांचा तो उग्र वास मी लहानपणापासून ओळखतो, पण त्याच वासाला किंमत असू शकते हे घाट उतरून पाहावे लागले. भाटीवर आम्हाला सव्वा तास मिळाला. तो पुरला नाही, कारण भांड्याखालचा जाळ आणि नळीतून पडणारी बारीक धार पाहत बसण्यासारखी होती, आणि भाटीवाला प्रश्नांना कंटाळणारा नव्हता.

ही सहल घ्यायची असेल तर ती एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंतच घ्यावी. पुढे बोंडांचा हंगाम ओसरतो, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असल्याने पणजीच्या ताटातही फरक पडतो. कर्नाटकाच्या हद्दीत शिरताना अबकारी तपासणी होते, तेव्हा बाटल्यांचा नियम आधी विचारून घ्यावा. आमच्या संयोजकांनी तो गाडी घाटात आल्यावर सांगितला. मेव्हण्याने पुढच्या वर्षासाठी आताच नाव नोंदवले आहे. मी मात्र म्हापशाच्या बाजाराला किती वेळ देणार आणि ते भेटवस्तूंचे दुकान वगळणार की नाही, हे लेखी मिळाल्यावरच पैसे भरणार आहे.