फुकटचं लिनक्स, ३१,४०९ रुपयांना

जुने कॉम्प्युटर लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टीमवर, नेऊन देतो म्हणून एकाने मला लुटलं. आधी आकडे सांगते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांचं काम होईल. पेनड्राइव्ह किटचे २,४९९. तीन कॉम्प्युटरच्या ‘मायग्रेशन’चे १४,१६०. ‘मराठी फाँट कन्व्हर्जन मॉड्यूल’चे ८,८५०. ‘ॲक्टिव्हेशन रिन्यूअल’चे ५,९००. एकूण ३१,४०९ रुपये. शिवाय उडालेला डेटा परत काढायला पुण्यात १६,५०० दिले, ते वेगळेच. आणि या सगळ्यात मला जे मिळालं ते लिनक्स मिंट, ऑफिसच्या कामाचं लिबरऑफिस आणि एका सिस्टीमच्या पोटात दुसरी चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स. तिन्ही फुकट. कुणीही उतरवून घ्यावं, एक पैसा लागत नाही.

आमचं तालुक्याच्या गावी छोटं प्रेस आहे. मशीन हे बघतात, डीटीपी माझ्याकडे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावती पुस्तकं, मंडळांचे अहवाल. माझं काम पेजमेकर ७ वर चालतं, पानं मांडायचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर. २००१ सालचं सॉफ्टवेअर अजून वापरता म्हणून ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं. पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिका त्यात आहेत. थोरल्या मुलीची पत्रिका आमच्याकडे छापलेले लोक धाकटीच्या वेळी येऊन “तीच काढा, नावं बदला” म्हणतात, आणि आमचा निम्मा धंदा त्यावरच चालतो. मजकूर श्रीलिपीच्या मराठी फाँटमध्ये, चित्रांचं थोडं काम कोरेलमध्ये, हिशेब टॅलीत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमची मशिनं जुनी. दोन सहाव्या पिढीच्या आय-थ्री, एक त्याहून जुनं. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आमच्याकडे दोन्ही नाही. नवी तीन मशिनं घ्यायची म्हणजे लाखाच्या वर. आणि नेमकी वेळ कुठली, तर तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची झुंबड, त्यात नगरपालिकेच्या निवडणुका लागलेल्या आणि हँडबिलांच्या ऑर्डरी. स्क्रीनवर रोज सपोर्ट संपल्याची सूचना. अशा वेळी माणूस घाबरत नाही असं म्हणणाऱ्याने एकदा सीझनमध्ये प्रेसवर येऊन बसावं.

घाबरायची गरज नव्हती, हे मला नंतर कळलं. विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्स मिळत होती. सेटिंग्जमध्ये आपलं मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून बॅकअप सुरू केला की पैसेही लागत नव्हते. पण ते सांगायला कुणी फोन करत नाही. फोन करतो तो लुटणारा.

त्याची जाहिरात मोबाइलवर आली. “जुना कॉम्प्युटर फेकू नका, सर्व मराठी सॉफ्टवेअर चालेल.” बोलायला अतिशय गोड. “ताई, तुमच्यासारख्या प्रेसवाल्यांचंच काम करतो मी.” मी काही लगेच पाघळले नाही. पेजमेकर चालेल का, डाँगल (फाँटच्या लायसन्सची यूएसबीत लावायची किल्ली) चालेल का, टॅली चालेल का, सगळं विचारलं. “ताई, तुमची एक फाईल पाठवा, चालवून दाखवतो.” मी पत्रिकेची फाईल पाठवली. त्याने व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवली. पेजमेकर उघडलं, माझी पत्रिका उघडली, अक्षरं जशीच्या तशी. आता यात मी काय ओळखायचं होतं? त्याच्या मशीनवर विंडोजच होतं आणि खालची पट्टी लपवलेली होती, हे भाच्याने नंतर सांगितलं. नंतर सगळेच हुशार असतात. डेमो बघायचा तर आपल्या मशीनवर, आपलं डाँगल लावून. त्याच्या स्क्रीनवर काय चालतं याच्याशी आपल्याला काही घेणं नाही.

कोरेलबद्दल तो म्हणाला, “कोरेलने स्वतः लिनक्ससाठी काढलंय, गूगल करा.” मी केलं. खरंच निघालं! कोरेलड्रॉ ९ लिनक्ससाठी आलं होतं, २००० साली. पुढे ते बंद झालं, हे त्याच पानावर खाली होतं. मी मथळा वाचला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठले. या माणसाची सगळी रीत हीच. धडधडीत खोटं क्वचितच, बाकी सगळं अर्धं. टॅली “वाइनमधून चालतं” म्हणाला. वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची सोय, त्यातून काही चालतात हे खरं. तुमचा चालेल की नाही हे मात्र बसवून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि डाँगलवाल्या सॉफ्टवेअरचं तर विचारूच नका.

पेनड्राइव्ह कुरिअरने आला, २,४९९ रोख मोजून घेतला. मग ‘मायग्रेशन’चे १४,१६० क्यूआरवर पाठवले. पैसे गेले एका माणसाच्या नावावर. नाव कंपनीचं नव्हतं, तेव्हा मी विचारलंही. “आमच्या अकाउंटंटचं आहे ताई, कंपनीचं मर्चंट खातं अपडेट होतंय.” लगेच व्हॉट्सॲपवर बिल आलं. पीडीएफ, लोगो, शिक्का, सगळं.

हे बिल आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मी बिलबुकं छापते. जिल्ह्यातल्या शेकडो दुकानदारांचे जीएसटी नंबर माझ्या हातून टाइप झालेत. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्या बिलावर पत्ता पुण्याचा होता आणि नंबर २४ ने सुरू होत होता. २४ म्हणजे गुजरात. पुण्याच्या पत्त्यावर धंदा असेल तर महाराष्ट्राची नोंदणी लागते. आणि गुजरातच्या नंबरावरून महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला विकलं तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर लागतो. याने लावला होता एकाच राज्यातल्या विक्रीचा, केंद्राचा सीजीएसटी १,०८० आणि राज्याचा एसजीएसटी १,०८०. इथपर्यंत कमी म्हणून की काय, नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि नंबरातलं सहावं अक्षर पी! तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन असतो, त्यातलं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं. कंपनीचं सी, एकट्या व्यक्तीचं पी. असं बिल एखादा दुकानदार छापायला घेऊन आला असता तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं, “सीएला विचारून या” म्हणून.

मग दिसलं का नाही? कारण मी त्याचा नंबर बघितलाच नाही. मी माझा नंबर बघितला. आपला नंबर चुकला तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट मिळत नाही, म्हणून बिल हातात आलं की नजर आधी तिथेच जाते, कुठल्याही धंदेवाल्याची जाते. माझा नंबर अगदी बरोबर होता. मी नीट वाचलं, बरोबर आहे म्हटलं आणि फाईल केलं. २,१६० चं क्रेडिट अर्थात आजतागायत २बी मध्ये, म्हणजे जीएसटीच्या साइटवरच्या क्रेडिटच्या यादीत आलेलं नाही.

आणि बिल आलं तेव्हा डिस्कला अजून हात लागलेला नव्हता. तेव्हा दिसतं तर १६,६५९ वर सुटले असते आणि पंधरा वर्षांचं काम जागेवर राहिलं असतं. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता कुणाचाही नंबर टाकून नाव बघता येतं. मी बघितलं, पण सगळं झाल्यावर. तो नंबर कुठल्याशा कापडवाल्याचा, तोही रद्द झालेला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल. “पेनड्राइव्ह लावा, एफ१२ दाबा, आता इरेज डिस्क अँड इन्स्टॉल निवडा.” मी थांबले. इरेज म्हणजे काय ते मला कळतं. विचारलं, “डी ड्राइव्हला काही होणार नाही ना? सगळ्या फायली डी वर आहेत.” “ताई, हे फक्त सी ला लागू होतं. डी ला हात लागत नाही.” हे मात्र सरळ खोटं. सी आणि डी हे बहुतेकांच्या मशीनमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. इरेज डिस्क म्हटलं की दोन्ही जातात. बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घेऊन, ती वायर काढून कपाटात ठेवल्याशिवाय असलं काही करू नका. “बॅकअप मी घेतलाय” असं समोरचा म्हणाला तर त्याला फाईल उघडून दाखवायला सांगा.

दोन मशिनं अशी पुसली गेली. तिसरं मशीन सुदैवाने त्या दिवशी बिलिंगला अडकलेलं होतं, म्हणून वाचलं.

पुढचं थोडक्यात. विंडोजसारखं दिसणारं लिनक्स आलं. पेजमेकर त्याने आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये चोरटं विंडोज ७ टाकून चालवलं होतं. मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा, कारण फाँट नाहीत आणि डाँगल त्या आतल्या विंडोजला दिसेना. त्यावर उपाय म्हणून मॉड्यूल, ८,८५०. ते काय होतं? फाँटच्या फायली एका फोल्डरमध्ये. महिनाभराने स्क्रीन काळी, “ही विंडोज प्रत अस्सल नाही” अशी इंग्रजी पाटी. तो म्हणाला लायसन्स रिन्यू करावं लागेल. उद्या पत्रिका द्यायची होती, वधूचे वडील बाकावर बसलेले. ५,९०० दिले. पाटी गेली, दोन दिवसांनी परत आली, आणि तो फोन उचलेनासा झाला.

आता ज्यांच्याकडे न्याय मागायला गेले त्यांची कथा.

आमच्या पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “मॅडम, बटण कुणी दाबलं?” मी. “पैसे कुणी पाठवले?” मी. “पेनड्राइव्ह मिळाला?” मिळाला. “त्यात सॉफ्टवेअर होतं?” होतं. “मग फसवणूक कसली? माल मिळालाय, पसंत पडला नाही. दिवाणी मॅटर आहे.” आणि वर, “निवडणुकीचा बंदोबस्त आहे, नंतर या.” नंतर गेले तर, “इतके दिवस काय करत होता? १९३० ला, सायबर हेल्पलाइनला, लगेच फोन करायचा असतो.” अहो, पहिल्या दिवशी मला कुठे माहीत होतं की हा चोर आहे? ओटीपी विचारून खातं रिकामं करणारा लगेच कळतो. हा महिनाभर “ताई, ताई” करत काम करत होता! बिलावरचा नंबर गुजरातचा म्हटल्यावर तर साहेबांचा चेहराच खुलला. “मग आमच्या हद्दीत येत नाही.” १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झालेत, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, झिरो एफआयआर घ्यावा लागतो. हे मी सांगितलं. “तुम्ही वकील आहात का?” नाही, मी प्रेसवाली आहे, पण फुकटच्या गोष्टीचे पैसे घेणं, कंपनी नसताना कंपनीचं बिल देणं आणि रद्द नंबरावर सरकारचा कर माझ्याकडून उकळणं याला फसवणूक म्हणतात हे कळायला वकील लागत नाही. शेवटी एक पोच मिळाली. एफआयआर नाही, अर्जाची पोच.

बँकेत म्हणाले, यूपीआय तुम्हीच पिन टाकून केलंय, आम्ही काही करू शकत नाही. समोरचं खातं गोठवायला पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, बँकेकडून आधी माहिती आणा. जीएसटीच्या कार्यालयात खोटं बिल दाखवलं, तर टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, २४ आहे, आमचं नाही. म्हणजे कराचे १,०८० महाराष्ट्राच्या नावावर घेतले, पण चौकशी महाराष्ट्राची नाही. एका सल्ला केंद्रात सांगितलं, तुम्ही व्यापारी आहात, ग्राहक नाही, तक्रारच बसत नाही. हेही अर्धंच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टीकरण आहे की, स्वयंरोजगारातून पोट भरण्यापुरती वस्तू घेतली असेल तर तो व्यापारी हेतू धरत नाहीत. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा करता येतो, ५ लाखांपर्यंत फी नाही. मी अर्ज केलाय, तारखेची वाट बघते आहे.

लिनक्सला शिव्या देऊ नका, त्याची काही चूक नाही. तिसऱ्या मशीनवर भाच्याने परवा तेच मिंट टाकून दिलं, आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवलं, डिस्कला न लावता. असं चालवता येतं हे मला त्याने आधी सांगितलं असतं तर! त्यावर मेल, बिलं, युनिकोडमधलं टायपिंग झकास होतं. पेजमेकरचं काम मात्र विंडोजवरच, एका मशीनवर, इंटरनेटची वायर काढून. पुण्याहून परत आलेल्या फायली अजून निवडते आहे. नावं सगळी गेली, नुसते नंबर. कुणाची पत्रिका आली की एकेक उघडून बघायची.

त्या माणसाचा नंबर अजून चालू आहे, फोटो बदललाय. ज्यांच्याकडे पुण्याचा पत्ता, २४ चा नंबर आणि सीजीएसटी-एसजीएसटी लावलेलं ‘मायग्रेशन’चं बिल असेल त्यांनी ते पुसू नका. पेनड्राइव्ह, कुरिअरचं पाकीट, चॅट, सगळं ठेवा, आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर आपापल्या नावाने तक्रार टाका. ठाण्यातला एक तरुण हवालदार जिन्यात मला हळूच म्हणाला, “ताई, एकच अर्ज असला की दिवाणी म्हणतात. दहा आले की गुन्हा होतो.”